गावातील घराचा विमा: पॉलिसी कशी वाचावी आणि कशी पारखून घ्यावी

विदर्भातील शेतकरी कुटुंबांना पिकाचा विमा आता नवीन राहिलेला नाही, आणि ट्रॅक्टरचा किंवा मोटारसायकलचा विमा कायद्यानेच काढावा लागतो. परंतु ज्या घरात आयुष्यभराची कमाई ओतलेली असते, त्या घराच्या विम्याचा विचार फार थोड्या कुटुंबांत होतो. घराला काही झाले तर सरकार मदत करील, या भरवशावर बहुतेक जण राहतात. मदत मिळते हे खरे, पण ती किती मिळते हे आधी पाहायला हवे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 ते 2026 या काळासाठीच्या निकषांनुसार सपाट प्रदेशातील घर पूर्णपणे नष्ट झाल्यास 1 लाख 20 हजार रुपये, पडझड अंशतः पण किमान 15 टक्के असल्यास पक्क्या घराला 6,500 रुपये व कच्च्या घराला 4,000 रुपये, झोपडीला 8,000 रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000 रुपये ठरलेले आहेत. म्हणजे वादळात अर्धे छप्पर उडाले, एक भिंत बसली आणि कपडे, अंथरूण, टीव्ही भिजून गेला, तर हाती येणाऱ्या रकमेत छपराची टिनेसुद्धा नीट होत नाहीत. ही मदत तातडीचा आधार म्हणून दिली जाते. झालेले नुकसान भरून काढणे हा तिचा हेतूच नाही. ते काम विम्याचे आहे, आणि म्हणून विम्याचा कागद समजून घेण्याचे कष्ट घेतलेच पाहिजेत.

मूळ पॉलिसी सर्वत्र एकच आहे

घराचा विमा विकणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना, आयआरडीएआय या नियामक संस्थेच्या आदेशानुसार, 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची ठरावीक मसुद्याची पॉलिसी ग्राहकाला उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्या असोत की खासगी कंपन्या, या पॉलिसीतील मूळ संरक्षण आणि मूळ अटी सगळीकडे त्याच आहेत. म्हणून एजंटाला किंवा बँकेतील अधिकाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारावा की आपण दाखवत आहात ती भारत गृह रक्षा आहे की कंपनीची स्वतःची वेगळी योजना आहे. वेगळी असेल तर ती भारत गृह रक्षेपेक्षा कोठे अधिक देते आणि कोठे कमी देते, हे त्यांच्याकडूनच कागदावर घ्यावे. एलआयसी ही आयुर्विम्याची कंपनी आहे, तिच्याकडे घराचा विमा मिळत नाही. गावात हा गैरसमज बराच आढळतो, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

मूळ मसुदा एकच असल्यामुळे तुलनेचे काम सोपे होते, पण त्याचबरोबर तिची दिशाही बदलते. हप्ता कोणाचा कमी आहे एवढ्यावर नजर ठेवणारा माणूस खरा फरक जेथे पडतो ते ठिकाण चुकवतो. आपण घराचे वर्णन कसे दिले, विमा रक्कम किती धरली आणि आपल्या गावाला ज्या संकटाची भीती आहे ते पॉलिसीत नेमके कोठे बसते, या तीन गोष्टींवर दाव्याचा निकाल बहुतांशी अवलंबून असतो.

आधी आपल्या घराचे धोके लिहून काढावेत

पॉलिसी हाती घेण्यापूर्वी घराभोवती एक फेरी मारावी आणि या घराला कशाकशाची भीती आहे हे वहीत उतरवावे. भारत गृह रक्षेत आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर व पाणी साचणे, जमीन खचणे, दरड कोसळणे, वणवा, बाहेरील वस्तूची धडक म्हणजे झाड किंवा वाहन घरावर येणे, दंगल व खोडसाळ नासधूस, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे यांपासून संरक्षण आहे. यादी लांब आहे आणि ती वाचून समाधान वाटते. परंतु प्रत्येक संकटासमोर काही वगळणुकी, म्हणजे ज्यांचे पैसे मिळत नाहीत अशी नुकसाने, लिहिलेल्या असतात आणि विदर्भातील घरांचे नेहमीचे नुकसान नेमके त्यांच्या आसपास घुटमळते. त्यामुळे पुढील मुद्दे थोडे सविस्तर मांडतो.

पुराचा धोका नदीकाठच्या गावांना वेगळा सांगण्याची गरज नाही. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील मोवाड उद्ध्वस्त केले. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंतच्या गावांना वेढले. जुलै 2022 मध्ये वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांनी पुन्हा तेच पाहिले. पुराने घर पडणे, भिंती फुगणे, सामान वाहून जाणे हे नुकसान मूळ पॉलिसीत येते आणि त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागत नाही. मात्र नदीने काठ कापत आणल्यामुळे घराखालची जमीन गेली, तर ते ‘नदीची धूप’ या वगळणुकीत मोडते. ज्यांचे घर काठाला अगदी लागून आहे त्यांनी हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुराच्या दिवसांत दोन्ही गोष्टी एकत्र घडतात. नुकसान पाण्याच्या लोंढ्याने झाले की काठ ढासळल्याने झाले याची नोंद पंचनाम्यात स्पष्ट असणे तेव्हा फार महत्त्वाचे ठरते.

काळ्या भारी जमिनीवरील घरांचा प्रश्न याहून बिकट आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर भेगा पडतात, त्यामुळे वऱ्हाडात उथळ पाया घेतलेल्या घरांच्या भिंती चिरणे हे नेहमीचे दुखणे आहे. जमीन खचणे हे संकट पॉलिसीत आहे हे वाचून अनेकांना वाटेल की या चिरांचे पैसे मिळतील. ते मिळत नाहीत. नेहमीच्या भेगा, नव्या बांधकामाचे बसणे, भर घातलेल्या जमिनीचे खचणे, सदोष रचना किंवा निकृष्ट काम यांमुळे झालेले नुकसान जमीन खचण्याच्या कलमातून वगळलेले आहे. अशा घराचा खरा विमा पाया खणतानाच उतरवावा लागतो. मुरमापर्यंत खोल जाऊन पाया भरणे किंवा खाली पट्टा-बीम टाकणे याला पर्याय नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात आणि वणीच्या कोळसा पट्ट्यात खचण्याचा आणखी एक प्रकार आहे. घुग्घुस येथे ऑगस्ट 2022 मध्ये जुन्या भूमिगत खाणीच्या भागातील एक घर जमिनीत गडप झाल्याची घटना लोकांच्या स्मरणात असेल. खोदकामामुळे झालेले खचणे ही देखील वगळणुकीतील बाब असल्यामुळे, जुन्या खाणीवर वसलेल्या वस्तीतील रहिवाशांनी प्रस्ताव देतानाच ही वस्तुस्थिती लिहून कळवावी आणि अशा खचण्याला संरक्षण आहे की नाही याचे उत्तर कंपनीकडून लेखी मागावे. तोंडी ‘सगळे कव्हर आहे’ हे उत्तर अजिबात स्वीकारू नये.

एप्रिल-मे महिन्यांतील वादळी पावसात टिने उडणे आणि कवेलू (कौले) फुटणे हे वादळाच्या कलमात येते. गारपिटीचा शब्द मात्र मूळ यादीत स्वतंत्रपणे लिहिलेला नाही. वादळ, तुफान, चक्रीवादळ, पूर असे शब्द आहेत. कवेलूचे किंवा सिमेंटच्या पत्र्याचे छप्पर असलेल्यांनी वादळाबरोबर झालेल्या गारपिटीचे नुकसान धरले जाईल, एवढे एक वाक्य ई-मेलवर मिळवून ठेवावे. गडचिरोलीत 2021 पासून वावरणाऱ्या रानटी हत्तींनी घरे पाडल्याच्या घटना घडल्या आहेत. वनविभाग अशा नुकसानीची भरपाई देतो, पण विम्यातील ‘बाहेरील वस्तूची धडक’ या कलमात वन्यप्राणी धरला जातो का, हेही असेच लेखी विचारण्याजोगे आहे.

वीज पडण्याबाबत एक सूक्ष्म अट आहे आणि ती दावा करताना हमखास आडवी येते. वीज घरावर पडून भिंत फाटली, छप्पर जळाले, आग लागली तर नुकसान मिळते. परंतु विजेचा दाब एकाएकी वाढल्याने, शॉर्टसर्किटने किंवा तारेतून आलेल्या झटक्याने एखादे विद्युत उपकरण जळाले, तर त्या उपकरणापुरते नुकसान वगळलेले असते, आणि त्या झटक्याचे कारण आभाळातील वीज असली तरी ही वगळणूक लागू होते. फ्रिजमधून आग लागून शेजारचे कपाट व अंथरूण जळाले, तर कपाट व अंथरूण यांचे पैसे मिळतात, फ्रिजचे मिळत नाहीत. ज्या गावात विजेचा दाब दिवसभर खालीवर होतो, तेथे हे नुकसान मोठ्या आगीपेक्षा कितीतरी वेळा अधिक घडते. त्यासाठी उपकरणांच्या बिघाडाचे जोडसंरक्षण (ॲड-ऑन) वेगळे घ्यावे लागते. ते घ्यावे की चांगले अर्थिंग व स्टॅबिलायझर बसवावा याचा हिशेब प्रत्येकाने करावा. माझ्या मते साध्या घरात दुसरा मार्ग स्वस्त पडतो.

उधई (वाळवी) लागणे, छत हळूहळू पाझरणे, ओल चढणे, लाकूड कुजणे ही संकटे यादीत नाहीतच, त्यामुळे त्यांचा दावा होत नाही. चोरीही मूळ पॉलिसीत जवळजवळ नाही: पूर, आग, वादळ यांसारखी विमासंरक्षित घटना घडल्यानंतर 7 दिवसांच्या आत आणि त्या घटनेमुळेच झालेली चोरी तेवढी धरली जाते. घराला कुलूप लावून सगळे शेतावर गेले असता झालेली घरफोडी तीत नाही. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर काही महिने बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांनी घरफोडीचे जोडसंरक्षण घेताना घर सलग किती दिवस बंद राहिले तर संरक्षण थांबते, ही अट आधी वाचावी.

विमा रक्कम कशी काढावी

घराच्या विम्यात जागेची किंमत कधीही धरली जात नाही. समृद्धी महामार्गाच्या आसपास किंवा एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी जागेचे भाव कितीही वाढले, तरी घर जळाल्यावर जागा तशीच राहते. म्हणून विमा रक्कम म्हणजे ते घर आजच्या दराने पुन्हा बांधण्याचा खर्च. भारत गृह रक्षेत ती काढण्याची रीत ठरलेली आहे: घराचे चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा सध्याचा दर. भिंतींच्या आतील वापरण्याजोगी जागा टेपने मोजावी. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावरील आकडा बहुधा बाहेरून मोजलेला किंवा जुना असतो.

समजा, चटई क्षेत्र 700 चौरस फूट आहे आणि गावात गवंडी, सिमेंट, लोखंड, रेती धरून बांधकामाचा दर 1,600 रुपये चौरस फूट पडतो, तर इमारतीची विमा रक्कम 11 लाख 20 हजार रुपये होते. हा दर येथे केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. सिरोंचा, भामरागड किंवा मेळघाटातील धारणी येथे माल पोहोचवण्याचाच खर्च मोठा असतो, त्यामुळे नागपूरच्या कार्यालयातील संगणकात भरलेला सरासरी दर तेथे अपुरा पडू शकतो. आपल्या गावात गेल्या वर्षभरात घर बांधलेल्या दोघा-तिघांकडून प्रत्यक्ष खर्च विचारून दर ठरवणे सर्वांत विश्वसनीय. कुंपणभिंत, फाटक, पडवी, सेप्टिक टाकी, गोबरगॅसचा संच, पाण्याची पक्की टाकी, सौर पॅनेल ही बांधकामेही घराच्या व्याख्येत येतात, पण त्यांची किंमत चटई क्षेत्राच्या गुणाकारात आपोआप येत नाही. ती वेगळी सांगून रकमेत मिळवावी.

हप्ता वाचवण्यासाठी रक्कम मुद्दाम कमी धरण्याची चूक फार महाग पडते. जुन्या पद्धतीच्या आगीच्या पॉलिसीत 10 लाखांच्या घराचा 5 लाखांचाच विमा असेल आणि नुकसान 2 लाखांचे झाले असेल, तर कंपनी त्याच प्रमाणात कापून 1 लाख देत असे. भारत गृह रक्षेत ही प्रमाणशीर कपात काढून टाकली आहे, आणि सामान्य घरमालकाच्या दृष्टीने या पॉलिसीचा हा सर्वांत मोठा गुण म्हणावा लागेल. तथापि विमा रकमेपेक्षा जास्त पैसे कोणत्याही स्थितीत मिळत नाहीत, आणि पूर सगळे घर घेऊन जातो तेव्हा अर्ध्या रकमेत अर्धेच घर उभे राहते. कंपनीच्या स्वतःच्या वेगळ्या योजनेत मात्र प्रमाणशीर कपातीचे कलम आहे का, हे अवश्य शोधावे.

पॉलिसी 10 वर्षांपर्यंतच्या मुदतीची घेता येते. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या पॉलिसीत इमारतीची रक्कम मूळ रकमेच्या दरसाल 10 टक्के या प्रमाणात आपोआप वाढत जाते, म्हणजे वरील उदाहरणात तीन वर्षे पूर्ण झाल्यावर ती 14 लाख 56 हजारांवर पोहोचलेली असेल. दर वर्षी नूतनीकरण करणाऱ्याला ही वाढ स्वतः मागून घ्यावी लागते, आणि नूतनीकरणाच्या घाईत जुनाच आकडा पुढे चालू राहतो. ज्याच्या हातात कापूस किंवा सोयाबीन विकल्यावर एकरकमी पैसा येतो, अशा शेतकऱ्याला तीन किंवा पाच वर्षांची मुदत अधिक सोयीची वाटते. एखाद्या वर्षी पीक बुडाले म्हणून विमा बंद पडत नाही.

आणखी एक गोष्ट गावात वारंवार घडते. मुलाचे लग्न ठरले की मागच्या बाजूला एक खोली वाढवली जाते. विमा सुरू झाल्यावर चटई क्षेत्र 10 टक्क्यांहून अधिक वाढले आणि ते कंपनीला कळवून वाढीव हप्ता भरला नाही, तर संरक्षण अडचणीत येते. 700 चौरस फुटांच्या घराला 10 बाय 12 ची एकच खोली जोडली तरी 120 चौरस फूट वाढतात. वीट पडण्याआधी कंपनीला पत्र जावे.

कच्चे, पक्के आणि मातीचे घर

या पॉलिसीच्या व्याख्येनुसार भिंती किंवा छप्पर लाकडी फळ्या, पाने, गवत, तणीस, बांबू, प्लास्टिक, ताडपत्री यांचे असेल तर ते कच्चे बांधकाम. बाकीचे सगळे पक्के. कुडाच्या भिंतीचे किंवा गवताने शाकारलेले घर म्हणूनच कच्चे ठरते. मातीच्या भिंती व वर कवेलू असलेल्या घराचा या यादीत उल्लेख नाही, तरीही प्रस्ताव अर्जात ‘माती-कवेलू’ असेच स्पष्ट लिहावे आणि समोरचा माणूस सोयीसाठी ‘आरसीसी’ असे भरत असेल तर त्याला थांबवावे. चुकीच्या वर्णनावर मिळालेला कमी हप्ता दाव्याच्या दिवशी संपूर्ण पॉलिसी धोक्यात आणतो. घराच्या चारही बाजूंचे, छपराचे आणि आतल्या खोल्यांचे फोटो अर्जासोबत जोडावेत. पुढील सगळे वाद त्या फोटोंनी निम्मे होतात.

घरातील सामान, कापूस आणि गोठा

इमारत आणि सामान या दोन्हींचा विमा एकत्र घेतल्यास सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, पण जास्तीत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते आणि त्यासाठी वस्तूंची यादी द्यावी लागत नाही. वरील उदाहरणात ती रक्कम 2 लाख 24 हजार होते. सामान त्याहून जास्त मोलाचे असेल तर यादी देऊन रक्कम वाढवता येते. दागिने, चांदीची भांडी अशा मौल्यवान वस्तू या 20 टक्क्यांत येत नाहीत. त्यांच्यासाठी ठरावीक मूल्याचे ऐच्छिक संरक्षण घ्यावे लागते, आणि एकूण मूल्य 5 लाखांपर्यंत व एकेका दागिन्याचे मूल्य 1 लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. घरात ठेवलेली रोकड धरली जात नाही. पऱ्हाटीचे (कपाशीचे) पैसे घरात ठेवण्याची सवय असलेल्यांनी हे विसरू नये.

आता विदर्भाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक बाब. भाव वाढण्याची वाट पाहत कापूस महिनोन्महिने राहत्या घरात, अनेकदा झोपण्याच्या खोलीत, छतापर्यंत रचलेला असतो. घरसामान म्हणजे कुटुंबाच्या वापराच्या वस्तू. विक्रीसाठी ठेवलेला कापूस, सोयाबीन, तूर हा शेतमालाचा साठा आहे आणि तो घरसामानाच्या विम्यात बसत नाही. एका ठिणगीने घर आणि वर्षाचे उत्पन्न एकदम जाऊ शकते, आणि त्यातील केवळ घराचा दावा उभा राहू शकतो. म्हणून कापूस घरात ठेवला जातो ही गोष्ट प्रस्तावातच लिहावी, साठ्यासाठी वेगळी पॉलिसी मिळते का ते त्याच कंपनीला विचारावे, आणि शक्य असेल तर माल गोदामात टाकून पावतीवर तारण कर्ज घेण्याचा मार्ग तपासावा. घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान, पिठाची गिरणी किंवा शिवणकाम चालत असेल तर तेही सांगावे. राहते घर म्हणून घेतलेल्या पॉलिसीत लपवलेला धंदा निघाला की दावा अडतो.

पॉलिसीतील जोडघर, म्हणजे मुख्य घराखेरीजची आवारातील वेगळी इमारत, हे राहण्यासाठी वापरलेले असावे, अशी व्याख्या आहे. गोठ्यात जनावरे राहतात, त्यामुळे तो आपोआप आला असे समजू नये. त्याचे मोजमाप व किंमत देऊन पॉलिसीच्या अनुसूचीत (तपशिलाच्या पानावर) त्याचे नाव लिहवून घ्यावे आणि कंपनी नकार देत असेल तर तो नकारही कागदावर घ्यावा. जनावरांचा विमा वेगळा असतो. कडबा, कुटार, तुराट्यांचे ढीग घराला चिकटून रचू नयेत, हे विम्याशिवायही पाळण्याजोगे आहे.

मालकीचे कागद

शहरात ज्या कागदाला कोणी विचारत नाही, तोच गावात अडतो. गावठाणातील घर अनेकदा अजूनही आजोबांच्या नावे असते, भावाभावांत तोंडी वाटणी झालेली असते आणि विमा काढणारा तिसराच असतो. विमा त्यालाच घेता येतो ज्याचे त्या घरात आर्थिक हित आहे, आणि दाव्याच्या वेळी ते कागदाने दाखवावे लागते. म्हणून पॉलिसी घेण्याआधी ग्रामपंचायतीचा नमुना 8 काढून नाव तपासावे, मालक वारलेले असल्यास वारसांची नोंद करून घ्यावी, आणि घर सामाईक असेल तर सर्व भावांची नावे पॉलिसीत घालावीत. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन ज्या गावांना मिळकत पत्रिका मिळाल्या आहेत, तेथे ती पत्रिका जोडणे सर्वांत चांगले. घरकुल योजनेतून बांधलेल्या घराचाही विमा काढता येतो. भाड्याने राहणारा शिक्षक किंवा आरोग्यसेविका केवळ आपल्या सामानाचा विमा घेऊ शकते.

बँकेने काढलेला विमा

गृहकर्ज घेतलेल्यांनी कर्जाच्या फायलीतील विम्याचा कागद बाहेर काढून पाहावा. पुष्कळदा तो घराचा विमा नसून कर्जदाराच्या आयुष्याचा, म्हणजे कर्जफेडीचा विमा असतो. घर वाहून गेले तर त्याचा काही उपयोग नाही. घराचाच विमा असला तरी रक्कम कर्जाएवढी धरलेली असू शकते, आणि भरपाई आधी बँकेकडे जाते. बँक सुचवते त्याच कंपनीचा विमा घेण्याची सक्ती नसते. योग्य रकमेची दुसरी पॉलिसी देऊन तीत बँकेचे नाव नोंदवता येते.

दोन-तीन प्रस्ताव समोरासमोर ठेवताना

सर्व कंपन्यांना अगदी एकच माहिती द्यावी: तेच चटई क्षेत्र, तोच दर, तीच मुदत, बांधकामाचे तेच वर्णन. असे केले नाही तर तुलना होतच नाही. एखादा प्रस्ताव लक्षणीय स्वस्त दिसला, तर त्यात रक्कम कमी धरली आहे, सामान वगळून केवळ इमारत घेतली आहे किंवा बांधकामाचे वर्णन बदलले आहे, यांपैकी काहीतरी निघण्याची शक्यता मोठी असते. हप्त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो धरून आकडे पाहावेत. जोडसंरक्षणांत प्रत्येक दाव्यामागे ग्राहकाने स्वतः सोसायची रक्कम किती आहे, ते बघावे. भारत गृह रक्षेत वास्तुविशारद व अभियंत्याची फी दाव्याच्या 5 टक्क्यांपर्यंत, मलबा उचलण्याचा खर्च 2 टक्क्यांपर्यंत आणि घर राहण्याजोगे नसताना पर्यायी घराचे भाडे मिळण्याची तरतूद आहे. कंपनीच्या स्वतःच्या योजनेत या तिन्ही गोष्टी आहेत का, हे तपासण्याजोगे आहे.

हप्त्यात दोनशे-तीनशे रुपयांचा फरक असेल, तर मी जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यालय असलेली कंपनी निवडण्याचा सल्ला देईन. पुरानंतर रस्ते तुटलेले असतात, मोबाइलला रेंज नसते, आणि अशा वेळी जाऊन भेटता येईल असा माणूस चंद्रपुरात किंवा यवतमाळात असणे फार मोलाचे ठरते. कंपन्यांनी किती दावे निकाली काढले याचे आकडे आयआरडीएआयच्या वार्षिक अहवालात असतात. ते पाहावेत, परंतु त्यांत मोटार आणि आरोग्य विम्याचे दावे मिसळलेले नाहीत ना, याची खात्री करावी. पॉलिसीसोबत येणारे ग्राहक माहिती पत्रक थोडक्यात लिहिलेले असते. कागद इंग्रजीत असेल तर गावातील शिकलेल्या मुलामुलींकडून वगळणुकींचा भाग शब्द न शब्द वाचून घ्यावा.

1938 च्या विमा कायद्याच्या कलम 64 व्हीबी नुसार हप्ता कंपनीकडे जमा होईपर्यंत कंपनीवर जबाबदारी येत नाही. एजंटाच्या हातात रोख दिली म्हणजे विमा सुरू झाला असे नव्हे; पैसे कंपनीच्या खात्यात भरून पावती घ्यावी, आणि हे काम मृग लागण्याआधी उरकावे.

नुकसान झाल्यावर

कंपनीला त्याच दिवशी फोन, संदेश किंवा ई-मेलने कळवावे आणि दाव्याचा क्रमांक लिहून ठेवावा. आणखी नुकसान होऊ नये म्हणून ताडपत्री टाकणे, सामान हलवणे हे मालकाचे कर्तव्यच आहे, पण सर्वेअर, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान मोजणारा माणूस, येईपर्यंत पडलेला भाग साफ करू नये. साफ करणे अटळ असेल तर आधी चारही बाजूंनी फोटो व चित्रफीत काढावी. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी, चोरी किंवा नासधूस असेल तर पोलिसांत नोंद करावी, आणि सर्वेअरला दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी. सरकारी पंचनाम्यात नुकसान ‘अंशतः’ असे लिहिले गेले असेल आणि ते प्रत्यक्षात जास्त असेल, तर लगेच हरकत नोंदवावी, कारण सर्वेअर त्याच कागदावर बोट ठेवतो.

दावा नाकारला किंवा फार कमी मंजूर झाला, तर कारण लेखी मागावे आणि प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. आयआरडीएआयच्या ‘विमा भरोसा’ व्यवस्थेत 155255 या निःशुल्क क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. कंपनीने एक महिन्यात उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे 50 लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईच्या तक्रारी ऐकल्या जातात, शुल्क लागत नाही आणि वकील देण्याची गरज नसते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आणि तो मान्य नसल्यास घरमालकाला जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा राहतो.